पेल्याची कोरडी कड

इंद्रभाननं लोटा उचलला, ओठांपासून चार बोटं वर धरला आणि धार तोंडात सोडली. मिशीवर एक थेंब सांडला नाही. घोट खाली उतरला तसे त्यानं डोळे मिटून घेतले, छातीवरून हात फिरवला आणि लोटा रामरावापुढं ठेवला.

“हात नाही विसरला तुहा,” रामराव म्हणाला. “मले वाटलं, गोऱ्याच्या संगतीनं भांड्याले तोंड लावाले शिकला असशीन.”

“काऊन इसरंन?” इंद्रभान म्हणाला.

दोघं चुलतभाऊ सोनाळ्याच्या शिवाराच्या टोकाला मोहाच्या झाडाखाली बसले होते. चैत्राचं ऊन अजून तापायचं होतं. झाडाखाली रात्रभर गळलेली फुलं पडली होती आणि त्यांचा गोडसर, जड वास मातीला धरून होता. रामरावाच्या लोट्यातला माल डोंगरातल्या पाड्यावरून येई. आबकारीच्या शिपायाला ते ठाऊक होतं, त्याला ठाऊक आहे हे रामरावालाही ठाऊक होतं, आणि दोघांचं बरं चाललं होतं.

इंद्रभान खेचरांच्या पलटणीत भरती होऊन फ्रान्सच्या लढाईवर गेला होता. लढाई संपली आणि तो फाल्गुनात घरी परतला. तेव्हापासून गावातलं जो तो त्याला तोफ केवढी असते, विमान कसं उडतं, हे विचारत असे. रामरावाला असल्या गोष्टींत गोडी नव्हती. त्याचं म्हणणं, तोफ काय आपल्याला विकत घ्यायची आहे? त्याला एकच जाणून घ्यायचं होतं, तिकडचे लोक पितात काय.

“आता पयल्यापासून सांग. जहाजातून उतरला अन् पयलं काय भेटलं?”

“लाल. द्राक्षाची.”

“गोड असन.”

“कायची गोड! जांभळाच्या रसात बाभळीची साल उकडून थंड केली, तशी लागे. पयल्या दिवशी मी थुकून टाकली. मंग रोजचीच झाली. तिकडचे शिपाई पाण्यावाणी पेत. जेवतानी लाल, बिडी ओढतानी लाल.”

“चढे का?”

“चढे, पण सावकाश. पाहुण्यावाणी येऊन बसे अन् उठाचं नावच नाही घे.”

रामराव मान डोलावून हसला. “मंग?”

“मंग वरच्या अंगाले गेलो, थंडीच्या मुलखात. तिथं जवाची. पिवळी, वर हा फेस. तिनं पोट भरते, डोकं रिकामंच राह्यते.”

ती रामरावानं हातानंच बाजूला सारली. पोट भरायला त्याच्या घरी भाकरी होती.

“तिथंच सफरचंदाचीबी भेटली.”

“ते काय असते बे?”

इंद्रभान अडला. सोनाळ्यात सफरचंद कोणी पाहिलेलं नव्हतं. “पेरूएवढं लाल फळ. त्याची आंबट-गोड, गार. बायापोरं सारेच पेतेत, ताकावाणी.”

“हे काही दारू नाही, बाप्पा. मले दारूचं सांग.”

“तेच सांगून राह्यलो.” इंद्रभाननं मोहाचं एक फूल उचललं आणि बोटात फिरवलं. “हिवाळ्यात एक दिवस मी खेचराले खरारा करून राह्यलो होतो. अन् वास आला. मोहाची भट्टी लागल्यावर येते, तसाच. माह्या हातातला खरारा गळून पडला. मले वाटलं, मी सोनाळ्यातच हाय. वासाच्या मागं गेलो, त गावाच्या चौकात चाकावरची भट्टी उभी. तांब्याची. भट्टीवाला तिले गाडीवाणी गावोगाव फिरवते. घरोघरचे लोक आपापली कुजवलेली फळं पिपात घालून आणतेत, अन् आपल्या पाळीची वाट पाह्यत उभे राह्यतेत.”

“उघड्यावर?”

“उघड्यावर. सरकारचा माणूस बाजूले खुर्ची टाकून बसते.”

“पकडाले?”

“मापाले.”

एवढं मोठं राज्य सातासमुद्रापार असावं आणि आपण आबकारीच्या शिपायाला कोंबडी नेऊन द्यावी, याचं रामरावाला मनापासून वाईट वाटलं. मग त्यानं घोट घेतला आणि मूळ मुद्द्यावर आला.

“उद्या पंचाच्या पुढं हे सारं सांगशीन त चालते. दारूचं कोणाले काही नाही. पण भांड्याचं इचारतीन.”

ते इंद्रभानला ठाऊक होतं. तो परत आल्यापासून घरात दुसरा विषय नव्हता. त्याची धाकटी बहीण वच्छला लग्नाची होऊन बसली होती. वडील नव्हते. तो जहाजात चढला त्याच वर्षी तिची एक सोयरीक होता होता मोडली होती. ज्याचा भाऊ समुद्रापार गेला, त्या घरी पाणी प्यावं की नाही, असा त्या लोकांना प्रश्न पडला होता. आता जामोदच्या किसनरावांनी आपल्या मुलासाठी तिला पसंत केली होती, आणि किसनरावांचं बोलणं सरळ होतं. समुद्र ओलांडला तो सरकारच्या हुकमानं, त्याला पंचगव्य आहे, भावकीचं जेवण आहे. दारूला तर त्यांची काहीच हरकत नव्हती, निम्मे पंच संध्याकाळी त्याच रस्त्यानं जात. पण परक्या, परधर्माच्या माणसाच्या भांड्याला तोंड लावून त्याचं उष्टं पोटात गेलं असेल, तर त्याला इलाज नाही. महादेवाच्या देवळात बेलभंडारा उचलून इंद्रभाननं सांगावं, मग कुंकू लावू.

“खरं सांग,” रामरावानं आवाज खाली केला. “मी काही कोणाले सांगत नाही. लावलं का कधी?”

“नाही.”

“एकडावबी?”

“एकडावबी नाही. पलटणीत आपला टमरेल वेगळा होता. बाहेर कोणी देलं त वरून धार.” तो थांबला. मोहाची दारू पोटात गेली की माणूस अर्धं बोलून थांबू शकत नाही, किंवा त्याला तसं वाटतं. “एक मादाम होती. म्हातारी. आमची खेचरं तिच्याच गोठ्यात होती. निघाच्या दिवशी तिनं मले घरात बोलावलं अन् चांदीचा पेला भरून देल्ला. भट्टीचीच, तिच्या घरच्या आलुबुखाऱ्याची. तिच्या पोराचा पेला होता.”

“चांदीचा?”

“हाव.”

“अन् तू?”

“वरूनच धार सोडली.”

रामरावानं मांडीवर थाप मारली. “अरे बाप्पा! चांदीचा पेला हातात अन् वरून धार! हे उद्या पंचात सांग. किसनराव उठून पाया पडंन तुह्या.”

“नाही,” इंद्रभान म्हणाला. “ते नाही सांगाचं.”

“काऊन बे?”

इंद्रभाननं हातातलं फूल टाकून दिलं आणि धोतर झटकून उठला. रामरावाला वाटलं, चढली.

खरं म्हणजे त्यानं अर्धंच सांगितलं होतं.

त्या म्हातारीच्या घरी त्याचा पूर्ण हिवाळा गेला होता. भाषा तिला त्याची येत नव्हती, त्याला तिची येत नव्हती. भट्टीच्या दिवशी ती आलुबुखाऱ्याचं पीप ढकलत चौकाकडं निघाली होती. हा वासामागं तिथंच पोचला होता. त्यानं काही न विचारता पीप खांद्यावर घेतलं, तिनं काही न बोलता घेऊ दिलं. तिथून ओळख झाली. मग सकाळी खेचरांना पाणी पाजून झालं की तो तिची लाकडं फोडून देई. ती राखेत भाजलेले बटाटे त्याच्या ओंजळीत टाकी आणि त्याला चटका बसला की हसे. भिंतीवर एका शिपायाची तसबीर होती. एकदा इंद्रभान तिच्यापुढं उभा राहिला, तेव्हा म्हातारीनं बोट जमिनीकडं केलं, आणि मग हात पसरून दाखवला, तिकडं, लांब. लढाईच्या पहिल्याच वर्षी गेला होता. घरात दुसरं कोणी नव्हतं.

पलटणीला निघायचा हुकूम आला त्या सकाळी तिनं त्याला टेबलाशी बसवलं. कपाट उघडून कापडात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. कापड उलगडलं तर आत चांदीचा लहानसा पेला, पोराच्या मुठीत मावावा एवढा. त्यावर अक्षरं कोरली होती. ती इंद्रभानला वाचता येत नव्हती, पण कोणाचं नाव असेल ते समजायला वाचावं लागत नव्हतं. म्हातारीनं पेला भरला, त्याच्या हातात दिला आणि आपलं बोट आपल्या ओठांना लावून दाखवलं.

इंद्रभानला गहिवरून आलं. त्याच्या घरीही बापाचा तांब्या होता. बाप गेल्यापासून तो देवाजवळ असे. पितरपाटाला तेवढा खाली येई, आणि त्याला तोंड लावायचं कुणाच्या स्वप्नातही येत नसे. गेलेल्या माणसाचं भांडं ते. म्हातारीनं आपल्याला एवढं मोठं मानलं, तर आपणही त्या भांड्याचा मान ठेवला पाहिजे, असं त्याला वाटलं. त्यानं पेला कपाळाला लावला. म्हातारीचे डोळे भरून आले. मग त्यानं पेला ओठांपासून चार बोटं वर धरला आणि, सोनाळ्यात शिकला होता तशी, स्वच्छ धार तोंडात सोडली. सगळ्या फ्रान्समध्ये तेवढ्या चवीचं तो काही प्यायला नव्हता. आधी फळ, मग आग, आणि शेवटी पुन्हा फळ.

पेला खाली ठेवला तेव्हा म्हातारीचा चेहरा बदलला होता. तिनं पेला घेतला. अंगठा त्याच्या कडेवर ठेवला आणि हळूहळू, सगळी कड संपेपर्यंत फिरवला. कड कोरडी होती. तिनं अंगठ्याकडं पाहिलं. मग पेला कापडात गुंडाळून कपाटात ठेवला आणि कपाट लावून घेतलं.

तिनं त्याला वाटेसाठी पाव बांधून दिला. पण निरोप द्यायला दारापर्यंत आली नाही.

पलटणीबरोबर चालताना इंद्रभान दिवसभर विचार करत होता की आपलं चुकलं कुठं. त्याला वाटलं, फरशीवर थेंब सांडला असेल, म्हणून रागावली. मग वाटलं, सगळं एकदम संपवलं, थोडं ठेवायला हवं होतं, त्यांच्यात तशी रीत असेल. बोटीवरही तो हेच घोकत होता. एवढ्या लढाईतून जिवंत सुटला होता आणि एका म्हातारीच्या अंगठ्यापाशी अडकून बसला होता.

उत्तर त्याला घरी आल्यावर मिळालं, आणि कुणी न देता मिळालं.

शेगावच्या स्टेशनावर उतरून, बैलगाडीनं येऊन तो अंगणात उभा राहिला. आई, रुखमाबाई, भाकरतुकडा ओवाळून टाकून आत पळाली आणि त्याचा पेला घेऊन आली. पितळी, एका बाजूला चेपलेला, तो लहान असल्यापासूनचा. घरातला आपला पेला, त्याला तोंड लावून तो घटाघटा पाणी प्यायला. दोन घोट तळाशी राहिले. आईनं पेला हातातून घेतला आणि तिथंच उभ्या उभ्या, त्याचे ओठ जिथं लागले होते तिथंच ओठ लावून, ते दोन घोट पिऊन टाकले.

“माय, हे काय? उष्टं हाये ते,” तो म्हणाला.

“काऊन, पोराचं कायचं उष्टं?” आईनं पदरानं डोळे पुसले. “दोन वर्सं रोज घासला मी हा पेला. कोणाले तोंड लावू देल्लं नाही. तूच सांग, कोरडा पेला रोज घासतानी मनाले कसं वाटत असन?”

अंगणात जमलेल्या बाया हसल्या, तीही हसली. इंद्रभान मात्र अंगणात उभाच राहिला. म्हातारीनं ओठाला लावलेलं बोट आत्ता त्याच्या ध्यानात आलं. ती ‘पी’ म्हणत नव्हती. ‘लाव’ म्हणत होती. कितीतरी वर्षं त्या पेल्याला पोराचं तोंड लागलं नव्हतं. एकदा, कुणाच्या तरी पोराचं लागावं, एवढंच ती मागत होती. त्याला तिच्या पेल्यात दोन घोट ठेवायला हवे होते. तिनं काय केलं असतं तेही त्याला आता दिसत होतं.

आणि आपण तिला मान दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाव्यानं त्याची मिशी उतरवली, डोकं केलं. पंचगव्य घेऊन तो ओल्या धोतरानं महादेवाच्या देवळात आला. पंच पायऱ्यांवर बसले होते. मधोमध गावातले वडीलधारे भगवंतराव, त्यांच्या उजव्या हाताला पांढऱ्या फेट्यातले किसनराव. किसनरावांचा चेहरा वाईट माणसाचा नव्हता. आपल्या घरात चूक होऊ नये एवढीच काळजी असलेल्या माणसाचा होता. एका बाजूला बाया बसल्या होत्या. त्यांच्यात आई होती. वच्छला घरी होती. तो निघाला तेव्हा ती चुलीपाशी बसून नुसतीच फुंकणी फुंकत होती आणि चूल तर केव्हाच पेटलेली होती.

भगवंतरावांनी त्याच्या तळहातावर बेलाचं पान ठेवलं, त्यावर भंडारा टाकला.

“इंद्रभान, महादेवाच्या पुढं उभा हायेस. इचारतो ते खरं सांगजो. तिकडे कोणाच्या हातचं शिजलेलं खाल्लं?”

“पलटणीत आपला सैपाकी होता. भाजलेले बटाटे खाल्ले. कोरडा पाव खाल्ला.”

पंचांनी एकमेकांकडं पाहिलं. बटाटे आणि कोरडा पाव चालण्यासारखा होता.

“दारू पेलास?”

“हाव.”

मागं कुणीतरी खाकरलं. भगवंतरावांनी तिकडं लक्ष दिलं नाही.

“आता किसनराव, तुमी इचारा.”

किसनराव उठून उभे राहिले. “बापू, माहं एकच इचारनं हाये. तिथल्या कोणाच्या भांड्याले तुहं तोंड लागलं का?”

प्रश्न सोपा होता, आणि उत्तर खरं होतं. तोंड उघडलं की काम झालं. पण इंद्रभानचं तोंड उघडेना. ‘लागलं’ म्हणावं, असं त्याच्या मनात आलं. त्या एका शब्दानं म्हातारीची कड ओली झाली असती. खोटं झालं असतं, बेल हातात असताना खोटं. पण त्याला ते खऱ्याहून बरं वाटत होतं. तिकडं तिला काय कळणार होतं? कळणार नव्हतंच. तरीही बोलावंसं वाटत होतं. त्यानं बायांकडं पाहिलं. आई हात जोडून बसली होती, आणि तिची नजर देवाकडं नव्हती, त्याच्याकडं होती.

“नाही लागलं,” तो म्हणाला.

“एकडावबी?”

“एकडावबी नाही.”

एवढ्यावर ते थांबलं असतं. पण रामराव काही थांबणाऱ्यांतला नव्हता. चुलतभावाचं भलं करण्याची अशी संधी पुन्हा कुठं मिळणार? तो मागून उठला.

“पंचहो, हा लाजते, हा सांगत नाही. मी सांगतो. तिकडे एका मादामनं याले घरात बसवलं, चांदीचा पेला भरून हातात देल्ला. चांदीचा! तिच्या सोताच्या पोराचा. तोंड लाव म्हणून म्हणे. पण यानं काय केलं? वरून धार सोडली. पेल्याची कड ओली नाही होऊ देल्ली!”

तोंड लाव म्हणून म्हणे, हे रामरावानं पदरचं घातलं होतं. कड ओली नाही होऊ दिली, हेही. गोष्ट रंगवण्यासाठी माणूस जे घालतो ते. दोन्ही खरं होतं.

“शाबास!” भगवंतरावांच्या तोंडून निघालं. पायऱ्यांवर एकच कालवा झाला. किसनराव दोन पायऱ्या उतरून आले आणि त्यांनी इंद्रभानचे दोन्ही खांदे धरले.

“ज्या घरचा पोरगा सातासमुद्रापार जाऊनबी चांदीले भुलला नाही, त्या घरची पोरगी माह्या दारात येऊन राह्यली. माहं भाग्य हाये.”

इंद्रभान रडू लागला. तोंड झाकायला हात वर न्यावा, तर हातात बेलभंडारा होता. त्यामुळं सगळ्यांना दिसेल असा तो रडला. भंडारा ओला होऊन मनगटावरून ओघळला.

“महादेवाचं सत्त्व हाये,” भगवंतराव हलक्या आवाजात म्हणाले आणि त्यांनीही डोळे टिपले.

साखर वाटली. पाण्याचा लोटा फिरला. प्रत्येकानं वरून धार घेतली, किसनरावांनी, पंचांनी, रामरावानं. इंद्रभाननंही घेतली. ती त्याच्या हनुवटीवरून सांडली, आणि ते पाहून रामराव हसला.

दुपारी घर माणसांनी भरून गेलं. वच्छलेला कुंकू लागलं. हिरव्या लुगड्यात ती ओळखू येत नव्हती. ती भावाच्या पाया पडली, आणि त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा त्याच्या मनात तिच्यावाचून काही नव्हतं. तिचं भलं झालं होतं, आणि ते त्यानं केलं होतं. यात खोटं काहीच नव्हतं. ओसरीवर रामराव जामोदच्या पाहुण्यांना चांदीच्या पेल्याची गोष्ट पुन्हा सांगत होता. आता पेला तांब्याएवढा झाला होता आणि मादाम कुठल्यातरी संस्थानची राणी.

इंद्रभान मागच्या दारी येऊन पायरीवर बसला. थोड्या वेळानं आई आली. तिचे हात पुरणानं भरलेले होते, ते तिनं रांजणाच्या पाण्यानं धुतले. मग त्याचा पितळी पेला भरून त्याच्या हातात दिला आणि शेजारी बसली.

“रामराव सांगून राह्यला ते खरं हाय?”

“हाव.”

“चांदीचा होता?”

“हाव.”

ओसरीवरून हसण्याचा आवाज आला. इंद्रभान पाणी प्यायला.

“तिच्या पोराचा म्हणे. पोरगा कुठं होता तिचा?”

“मेला. लढाईत.”

“दुसरं कोणी?”

“कोणी नाही.”

आईनं पदराचं टोक हाताला गुंडाळलं, पुन्हा सोडलं. “नाव काय होतं तिचं?”

“मादाम.”

“ते त तिकडच्या समद्याच बायांले म्हणतेत, तूच सांगतलं. तिचं नाव?”

इंद्रभाननं मान हलवली. हिवाळाभर तिनं दिलेले बटाटे खाल्ले आणि नाव विचारलं नव्हतं. विचारता आलं असतं. आपल्या छातीला बोट लावून आपलं नाव सांगायचं आणि मग तिच्याकडं बोट करायचं, एवढंच तर होतं.

“रुखमाबाई!” आतून कुणीतरी हाक मारली. “पुरण लागून राह्यलं!”

“आली,” ती म्हणाली, पण उठली नाही. तिनं त्याच्या हातातला पेला घेतला. तळाशी दोन घोट होते. ती पेल्याच्या कडेकडं पाहत राहिली, जिथं त्याचे ओठ लागले होते तिथं. तिथली पितळ ओली होती.

“तोंड लावाचं होतं, बापू,” ती म्हणाली.

आणि ते दोन घोट पिऊन, पेला पायरीवर ठेवून, पाहुण्यांचं पुरण पाहायला आत गेली.